बाई, आई कधी येणार?

आमची पोरगी पहिलीत गेली त्या वर्षी मी तिला माझ्याच शाळेत घातलं. दुसरा इलाज नव्हता. सासूबाई वारलेल्या, माझं माहेर लांब, आणि आमचे हे एमआयडीसीत फौंड्रीत, कधी पहिली पाळी तर कधी दुसरी. पोरीला सांभाळणार कोण? गोष्ट नव्वदच्या पुढच्या सालांतली. आम्ही राहायला कोल्हापुरात, पेठेत, भाड्याच्या दोन खोल्यांत, आणि माझी शाळा पन्हाळ्याच्या पायथ्याला एका वाडीत. रोज सकाळी आम्ही दोघी वडापच्या जीपमधे बसायचो. वडाप म्हणजे मावतील तेवढी माणसं कोंबून सुटणारी गाडी. पोरगी माझ्या मांडीवर, तिचं दप्तर तिच्या मांडीवर, आणि माझी वह्यांची पिशवी समोर बसलेल्या कुणातरी पावण्याच्या पायाशी.

पहिली आणि दुसरी असे दोन वर्ग एकाच खोलीत माझ्याकडं. एका भिंतीला पहिलीची पोरं, दुसऱ्या भिंतीला दुसरीची, आणि मी मधे लंबकासारखी. पोरगी पहिलीच्या भिंतीला बसायची.

पहिल्या आठवड्यातच भानगड झाली. मी फळ्यावर अक्षरं काढत होते आणि ही सगळ्यांदेखत उभी राहून म्हणाली, "आई, मला शू लागली!" सगळा वर्ग खदाखदा हसला. मागच्या एकानं लगेच हाळी दिली, "ओ आई, मलाबी लागली की!" गलका ऐकून हेडमास्तर दारात आले. मोठे प्रेमळ गृहस्थ, रागावले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, शाळंत आई न्हाय. शाळंत बाई. आमची दोन्ही पोरं माझ्याच हाताखाली शिकली, मला गुरुजीच म्हणायची. एकदा वळण लावा, मग कायबी तरास न्हाय."

त्यांनी काही जगावेगळं सांगितलं नव्हतं. मास्तरांच्या पोरांची हीच रीत. आपल्याच पोराला झुकतं माप देतात असं गावानं म्हणू नये म्हणून सगळेच पाळतात. मी पोरीला जीपमधून उतरता उतरता समजावलं. "इथं मी बाई. इथं आई म्हटलंस तर मला ऐकू येणार न्हाय बघ." आणि खरोखरच मी ऐकू येऊ दिलं नाही. तिनं "आई" म्हटलं की मी फळ्याकडं तोंड करून उभी. ती पुन्हा म्हणायची. मग गप्प. मग अगदी बारीक आवाजात, "बाई..." की मी वळायचे. पोरगी हुशार. लवकरच शिकली. मी कौतुकानं चार जणींना सांगितलंसुद्धा.

आता घरातलं सांगते. घरी आले म्हणून माझी शाळा सुटायची नाही. वह्यांची पिशवी बरोबर यायची. पटावरच्या पोरांचे तक्ते, तांदूळ वाटपाचा हिशेब, मतदारांच्या याद्या, आणि रविवार आला की पोलिओच्या डोसाला बसायचं. भाकरी थापता थापता मी मनात उद्याचा पाठ घेत असायचे. एकदा आमचे हे जेवताना बोलायला लागले तर माझ्या तोंडून निघालं, "हाताची घडी, तोंडावर बोट!" ह्यांनी खरंच ताट बाजूला सारून हाताची घडी घातली आणि म्हणाले, "बाई, भाजी वाढता का? का उठून उभा राहू?" आम्ही लोटपोट हसलो. तेव्हापासून हेही मला चेष्टेनं बाई म्हणायला लागले. दूधवाला बाई म्हणायचा, घरमालक बाई, शेजारची अक्का बाई, वाडीतली तर सगळीच. माझं नाव कुणाच्या तोंडी उरलं नव्हतं, पण त्याचं काही वाटत नसे. मान असतो त्यात.

पावसाळा सरत आलेला. पन्हाळ्याकडून धुकं खाली उतरायचं आणि दुपारपर्यंत शाळेच्या खिडक्यांत पांढरं होऊन बसायचं. अशाच एका दिवशी आम्ही दोघी घरी आलो. मी पिशवी टेकवली, पदर खोचला आणि स्टोव्ह पेटवायला वाकले. पोरगी दोन खोल्यांच्या मधल्या उंबऱ्यात उभी राहिली. दप्तर पाठीवर तसंच. माझ्याकडं बघून म्हणाली, "बाई, आई कधी येणार?"

मला वाटलं, खेळ. पोरं खेळतात तसं. आणि मी हातातली काडी विझवत, हसून म्हणाले, "येईल हं. येईल आत्ता."

हे मी का म्हणाले, देव जाणे.

तिनं मान हलवली. शहाण्या मुलासारखी दप्तर उतरवून खुंटीला अडकवलं आणि आतल्या खोलीत जाऊन मागच्या दारापाशी बसली. आमचं मागचं दार एका बोळात उघडायचं. बोळात एका बाजूला अक्काच्या न्हाणीची भिंत, दुसऱ्या बाजूला कुणाच्यातरी बंद गोदामाची, आणि वर आभाळाची एक पट्टी. त्या बोळातून फारसं कुणी जात नसे. पोरगी गुडघ्यांवर हनुवटी ठेवून बोळाकडं बघत बसली. चहा झाला, भात झाला. मी हाक मारली तेव्हा आली, तीही नाइलाजानं.

दुसऱ्या दिवशी जेवताना तिनं भाकरीचा चतकोर मोडून ताटाच्या कडेला ठेवला. मी म्हटलं, "ते संपव." ती म्हणाली, "बाई, हे आईला ठेवलंय." अगदी पुस्तकातल्यासारखं स्वच्छ बोलली. माझ्याशी ती घरातसुद्धा तसंच बोलायला लागली होती. मी वर्गात शिकवायचे तसं, तुम्ही-आम्ही करत.

ह्यांना गंमत वाटली. "अगं, ही काय मग समोर बसलीया ती कोण?"

पोरीनं माझ्याकडं नीट बघितलं. बघून म्हणाली, "ह्या बाई."

हे हसले. मीही हसले.

मी तिला जवळ घेऊन सांगितलं, अगं, मीच आई, शाळेत बाई आणि घरात आई. तिनं सगळं ऐकून घेतलं. वर्गात ऐकून घेते तसं, पाठ ताठ करून. "समजलं?" म्हटलं. "समजलं, बाई."

हळूहळू आतल्या खोलीतून बोलण्याचा आवाज यायला लागला. मी बाहेरच्या खोलीत वह्या तपासत बसलेली असायचे, ती आत. कलत्या दुपारची वेळ. उजेड असायचा, रस्त्यावर माणसं असायची, समोरच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा फटाफट वाजत असायचा. भीती वाटावी असं काही नाही. तरी मला ते बोलणं ऐकलं की हातातला लाल पेन थांबायचा. कारण आतलं बोलणं पुस्तकातलं नव्हतं. "अगं, त्यो खंड्या हाय न्हवं, त्यानं माझी पेन्सिल चावली बघ!" असं भडभडून चाललेलं असायचं. मधे थांबायची. कुणाचं तरी ऐकल्यासारखी. मग खिदळायची. मला तिनं शाळेतलं एक अक्षर सांगितलं नव्हतं बरं का. सांगायचं काय, मी तिथंच असायचे की.

एकदा मी दबक्या पावलानं उंबऱ्यापर्यंत गेले. ती माझ्याकडं पाठ करून, मागच्या दाराकडं तोंड करून बसलेली. दार उघडं. चौकटीत बोळातला उजेड. दुसरं कुणी नव्हतं. मी आत पाय टाकला आणि ती गप्प झाली. मुलं मधल्या सुट्टीत गप्पा मारत असतात आणि बाई आल्या की कशी गप्प होतात, तशी. मी तो गप्पपणा वर्षानुवर्षं अंगावर घेतलेला. त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी मात्र मी टाकलेला पाय मागं घेतला.

आणि मग वेणी.

पोरगी शाळेत जायला लागली त्याआधी मी तिच्या दोन वेण्या घालायचे, घट्ट, रिबीन कानाच्या वर वळवून. जीपची घाई सुरू झाल्यापासून ते बंद पडलं होतं. एक रबर अडकवायचा आणि पळायचं. तर त्या दिवशी मी चाचणीचे पेपर तपासत होते. मान वर केली तेव्हा पोरगी पुढ्यात उभी. चापूनचोपून तेल लावलेलं, मधोमध भांग, दोन वेण्या, लाल रिबिनी कानाच्या वर वळवलेल्या.

"कुणी घातल्या गं?"

"आईनं."

मी तिला जवळ ओढून वेणी हातात घेतली. बायकांना कळेल मी काय म्हणते ते. ज्या त्या बाईच्या हाताची वेणी वेगळी असते. कुणी सैल सुरुवात करतं, कुणी डावी बट आधी ओढतं. मी पहिले दोन पेड अगदी कानाशी आवळून घेते आणि मग हात सैल सोडते, माझी आई घालायची तशी. ती माझीच वेणी होती. माझ्या हातची. डोळे मिटून ओळखली असती.

ह्यांना दाखवलं. ते पाळीवरून दमून आले होते. म्हणाले, "मग तूच घातली असशील की! तुझं ध्यान कुठं असतंय? परवा माझ्या डब्यात खडू घातलेलास."

खडूचं खरं होतं.  पण नंतर हात नाकाशी धरून हुंगले. तेलाचा वास यायला पाहिजे होता. नुसता खडूचा आणि शाईचा.

अक्काला विचारलं. अक्का म्हणजे आमची शेजारीण. तिच्या घरी किराणा-भुसाराचं दुकान, माहेर सीमेपलीकडचं, बोलता बोलता कानडीत शिरायची. "मी कशाला घालू? माझ्या स्वतःच्या केसाला हात लावाय येळ न्हाय मला," म्हणाली. सगळं ऐकून तिनं गालावर हात ठेवला. "यव्वा यव्वा! पोरीला दिष्ट झाली गं. तुमचं कसं हाय बाई, शिकलेल्या माणसाचं ध्यानच नसतंय." तिन्हीसांजेला मीठ-मिरच्या घेऊन आली. पोरीवरून ओवाळल्या आणि शेगडीत टाकल्या. दृष्ट असली तर मिरच्यांचा ठसका येत नाही, असं म्हणतात. इथं एवढा ठसका उठला की आम्ही तिघी खोकत खोकत रस्त्यावर आलो. गिरणीवाला ओरडला, "काय अक्का, फोडणी का दंगल?" पण अक्का हसली नाही. डोळे पुसत माझ्याकडं बघून हळू म्हणाली, "दिष्ट न्हवं ही. दुसरंच काय तरी हाय."

त्यापेक्षा दृष्ट असती तर बरं, असं मला वाटलं.

आता खरं सांगायचं तर मला भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी वाटायला लागलं होतं. हेवा म्हणा. तिला पोरीचा सगळा दिवस ऐकायला मिळत होता, वेण्या घालायला मिळत होत्या. ती कोण असेल ती असो, पण तिच्याकडं वेळ होता.

मग एका सकाळी पोरगी जीपला यायला तयार होईना. रडली नाही, ओरडली नाही. शांतपणे म्हणाली, "बाई, मी आज शाळेत येत नाही. मी आईजवळ थांबते."

"आणि आई कुठं हाय?"

तिनं मागच्या दाराकडं बोट केलं. दाराला कडी होती. "ती म्हणाली, मला तिच्या घरी नेणार आहे."

"कधी?"

"तुम्ही शाळेत गेल्यावर."

मी तिला काखोटीला मारून, तशीच जीपपर्यंत नेली. वाटभर ती खिडकीतून मागं बघत होती. वाटेतल्या वाघबीळच्या पुढं धुकं लागलं आणि रस्ता दिसेनासा झाला तरी मागंच बघत होती. मी तिचं मनगट घट्ट धरून ठेवलं. एकच डोक्यात, ही पोरगी माझ्या हातून चाललीये. कुठं, कुणाबरोबर, काही सांगता येत नाही, पण चाललीये.

आमच्या शाळेत वरचे वर्ग बघणाऱ्या एक मोठ्या बाई होत्या. रिटायरमेंटला आलेल्या, बोलायला फटकळ, गावातल्या भल्याभल्यांना गप्प करणाऱ्या. मधल्या सुट्टीत मी त्यांच्यापाशी रडले. सगळं सांगितलं. वेणी, भाकरी, मिरच्या, सगळं. त्यांनी डबा खाता खाता ऐकलं.

"भूतबित आमच्यात मानत न्हाईत. त्यामुळं त्याचं मला इचारू नकोस," म्हणाल्या. "एवढं सांग. पोरगी तुला घरात काय म्हणती?"

"बाई."

"आणि तू ओ देतीस?"

"देते की."

"मग तिचं काय चुकलं?"



त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "उद्या रजा टाक."

"कशाला? मी आजारी न्हाय. आणि पहिलीची चाचणी..."

"मरू दे चाचणी. आजारी पडल्यावरच रजा घ्यायची असती हे कुणी शिकवलं गं तुला? तुझ्या पोरांना मी बघतो. रजा घे आणि घरी जा."

"घरी तर मी रोज जाते."

"ती न्हवं जाणं," म्हणाल्या. "आणि ऐक. घरी बसून डबे घासू नको, चकल्या करू नको, वह्या तर पिशवीतनं काढूच नको. नुसती बस."

"नुसती बसून काय करू?"

"बघ की काय हुतंय ते!" आणि त्या घंटा द्यायला उठल्या.

नोकरी लागल्यापासून मी कारणाशिवाय रजा घेतली नव्हती. दुसऱ्या दिवशी ह्यांची पहिली पाळी, ते उजाडायच्या आत गेले. जीपची वेळ झाली आणि माझे पाय आपोआप चपलेकडं वळले. बसले तशीच. रस्त्यावर वडापवाला ओरडत होता, "बाईऽऽ, येताय का?" मी खिडकीतून हात हलवला. तो गेला. मला चोरी केल्यासारखं वाटलं.

पहिलं काम केलं ते मागच्या दाराची कडी नीट लावली आणि वरचा बोल्टही सरकवला.

पोरगी तयार होऊन बसली होती, दप्तर घेऊन. म्हटलं, आज शाळा नाही. "का, बाई?" म्हणाली. म्हटलं, सुट्टी. ती आतल्या खोलीत गेली आणि दारापाशी बसली. मी तिच्यामागून गेले आणि भिंतीला टेकून बसले. दोघी नुसत्या बसलो.

नुसतं बसणं किती अवघड असतं ते मला तेव्हा कळलं. हाताला काहीतरी लागायचं. दोनदा मी वह्यांच्या पिशवीपाशी जाऊन आले. फडक्यानं पुसलेलीच फरशी पुन्हा पुसायला घेतली आणि मोठ्या बाईंचा फटकळ आवाज कानात आला, तेव्हा फडकं टाकलं. दहाच्या घंटेला छाती धडधडली. इथं घंटा कुठली? पण वेळ झाली की माझ्या कानात वाजायची. मग मधली सुट्टी वाजली. मग पुन्हा घंटा. आपल्या आत एवढी मोठी शाळा भरलेली असते आणि ती सुटतच नाही, हे एरवी कामात कळत नाही. त्या शांत खोलीत मला पोरांचा गलका ऐकू येत होता. आणि त्या गलक्याच्या वर एका बाईचा आवाज. कोरडा, उंच. "गप्प बसा. गप्प बसा म्हटलं ना!" मी दचकून इकडंतिकडं बघितलं. मग ओळखला. माझाच.

दुपार कलली. पोरगी उठली आणि दाराला हात लावून म्हणाली, "बाई, कडी काढा ना. आई बाहेर उभी आहे."

गिरणी त्या दिवशी बंद होती. बोळात काही आवाज नव्हता. मी दाराला कान लावला. दाराच्या त्या बाजूला कुणीतरी तसाच कान लावून उभं असावं, असं वाटलं. असं फक्त वाटतं, हे मला कळत होतं. तरी हात कडीवर जाईना.

"बाई, काढा ना. ती कंटाळून जाईल."

ते ऐकलं आणि माझ्या आत काहीतरी तुटलं. म्हटलं, जे असेल ते असू दे. बोल्ट काढला, कडी काढली, दार ओढलं.

बोळात ऊन होतं. अक्काच्या भिंतीवर एक ओलं लुगडं वाळत पडलेलं. बाकी कुणी नाही. पोरगी माझ्या बाजूनं वाकून बघत होती, इकडं, तिकडं. तिचा चेहरा पडला.

मी उंबऱ्यातच बसले, पाठ बोळाकडं करून. येणारी असेल तर माझ्या अंगावरूनच जाऊ दे. पाठीवर ऊन लागत होतं आणि तरी मणक्यातून गार काहीतरी सरकत होतं. काय करावं सुचेना म्हणून मी अंबाडा सोडला. सकाळी कितीतरी पिना खोचून घातलेला तो शाळेचा अंबाडा, रजा असूनही सवयीनं घातलेला. पिना काढून पदरात ठेवल्या. केस सोडले. डोकं इतकं हलकं झालं की डोळ्यांत पाणी आलं. दिवसाउजेडी मोकळ्या केसांनी उन्हात बसल्याला किती काळ लोटला होता, आठवेना. फळीवरची तेलाची बाटली घेतली आणि स्वतःच्याच डोक्याला लावायला लागले. सावकाश. घंटा वाजली असेल नसेल, माझं लक्ष नव्हतं.

किती वेळ गेला माहीत नाही. पाठीवर, केसांवर लहानसा हात आला. पोरगी माझ्या मागं, बोळाच्या बाजूला उभी होती. ती माझ्या अंगावरून कधी गेली, मला कळलंसुद्धा नाही. तिनं केस मुठीत धरले, वास घेतला. मग माझ्या तोंडासमोर येऊन वाकून बघितलं. अगदी जवळून. तिचे डोळे माझ्या एका डोळ्यातून दुसऱ्या डोळ्यात फिरत होते.

"आज लवकर आलीस व्हय?" म्हणाली.

मी मान हलवली. "व्हय. आज लवकर आलो." माहेरी मी अशीच बोलायचे, आमच्याकडं बायकासुद्धा 'आलो', 'बघतो' म्हणतात. शाळेत लागल्यापासून 'आलो' म्हणायचं मी सोडून दिलं होतं.

ती माझ्या मांडीवर येऊन बसली, आणि मग आतल्या खोलीकडं एक नजर टाकून कानात विचारलं, "बाई गेल्या?"

"गेल्या."

"उद्या येतील?"

"उद्या शाळंत असतील."

तिला ते पटलं. सगळी संध्याकाळ ती मला शाळेतल्या गोष्टी सांगत होती. बाई कशा ओरडल्या, बाईंनी कुणाला उभं केलं, बाईंना राग आला की त्या फळ्याकडं तोंड करून उभ्या राहतात आणि त्यांना कुणाचं ऐकू येत नाही. मी ऐकत होते. ती ज्या बाईबद्दल सांगत होती तिची मला भीती वाटत होती.

मला वाटलं, सुटलो. पण असं एका दिवसात काही सुटत नाही. दुसऱ्या दिवशी शाळा, फळा, जीप, वह्यांची पिशवी. आम्ही दोघी घरी आलो आणि पुढचं कुलूप काढताना ती माझा हात सोडून बाजूला उभी राहिली. तुम्ही-आम्ही सुरू. आत गेल्यावर मागच्या दाराकडं बघितलं आणि माझ्याकडं बघितलं. आता ती विचारणार, हे मला कळलं. आणि विचारल्यावर पुन्हा मी "येईल आत्ता" म्हणणार होते का?

मी पिशवी दारामागं ठेवली. "बरं, मी जाते हं," म्हणाले, बाईंच्या आवाजात.

"अच्छा, बाई," म्हणाली.

मी बाहेर पडले, पुढचं दार ओढून घेतलं आणि घराला वळसा घालून निघाले. अक्का पायरीवर गहू निवडत होती. "का ओ बाई, काय विसरलं?" म्हणाली. मी थांबले नाही. बोळाच्या तोंडाशी आले. आत सावली पडायला लागली होती. चालता चालता अंबाड्याच्या पिना उपटल्या, घड्याळ काढून पदराला बांधलं. एवढासा बोळ, पण त्या दिवशी लांबच लांब वाटला. गोदामाच्या भिंतीपाशी माझी पावलं आपोआप भरभर पडायला लागली, कारण मला वाटलं, पुढं कुणीतरी चाललंय. दिसत नव्हतं कुणी. पण आपल्या आधी कुणी त्या दाराशी पोचणार, अशी एक ओढ पायांना लागते ना, तशी.

आणि मग आतून कडी वाजली. मी अजून दार वाजवलंही नव्हतं. आत स्टूल ओढल्याचा आवाज आला, वरचा बोल्ट सरकला.

मी पळाले. चाळिशीला टेकलेली बाई, मोकळे केस, साडी पायांत येतेय, त्या बोळातून पळाले आणि दार उघडलं तेव्हा समोर मी होते. धापा टाकत.

पोरीनं आधी माझ्या खांद्यावरून मागं बोळात बघितलं. नीट, शेवटपर्यंत. मग माझ्याकडं.

"आलीस?"

"आलो गं."

तिनं मला हाताला धरून आत ओढलं, स्टुलावर चढली आणि दाराचा बोल्ट लावला. वरचा. खालची कडीही घातली आणि ती पक्की बसलीये का, दोनदा ओढून बघितलं.

पुढं कितीतरी दिवस मी तशीच मागच्या दारानं येत राहिले. ह्यांनी चेष्टा केली, अक्कानं कपाळाला हात लावला. वह्यांची पिशवी पुढच्या दारामागंच पडून राहायची. कधी एखादी वही बिनतपासता परत जायची आणि त्यानं जग काही बुडालं नाही.